दंडाचं लुगडं

सगळं लातूर आपापल्या पोरांना डॉक्टर करायला निघालेलं असताना आमची दामिनी तिथंच राहून शिवणकाम शिकते. असं म्हटलं की तिला झोंबतं. "आई, फॅशन डिझायनिंग म्हण गं!" मी म्हणत नाही. गावातल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं माझ्या मशीनवर शिवलेली आहेत आणि मला आजवर कुणी डिझायनर म्हटलेलं नाही.

यंदा दिवाळीला ती घरी आली ती 'टिकाऊ फॅशन' घेऊन. जुनं कापड टाकायचं नाही, त्यातूनच नवा कपडा करायचा, असा काहीतरी कॉलेजचा प्रकल्प होता.

"तुझ्या बापाच्या लुंगीची मी फडकी करते, ते काय हाय मंग?" मी विचारलं.

ती तडक आजीच्या खाटेकडं गेली.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, नागम्मा. भूकंपात किल्लारीजवळचं आमचं जुनं गाव भुईसपाट झालं. मी सून म्हणून आले ती नव्यानं वसवलेल्या गावात, आणि तेव्हापासून सासूबाईंना पाचवारी साडीतच पाहत आले. भूकंपाआधी त्यांच्या वयाच्या झाडून सगळ्या बायका नऊवारी लुगडं नेसायच्या. मग एका पहाटे घरं बसली, कपडे मातीखाली गेले, आणि कुठून कुठून जुन्या कपड्यांचे ट्रक आले. त्यात लुगडी कुठली असणार? निघतील ती पातळं बायकांनी अंगाला गुंडाळली आणि पुढं लुगड्याकडं फारसं कुणी वळलंच नाही. आमच्या गावचा पेहराव असा बदलला, हौसेनं नाही.

सासूबाईंनी मात्र ट्रंकेच्या तळाशी एक हिरवं इरकलचं लुगडं जपलं होतं. ऊन दाखवायला बाहेर काढलं की दर वेळी म्हणायच्या, "मी गेले की हे माझ्यासंगं द्या." यंदा त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि मला त्या लुगड्याची काळजी लागली. कारण ते अर्धंच होतं. पदर नाही, नुसता चारेक वारांचा तुकडा. एवढ्यात बाई नेसवायची कशी? कसं नेसवायचं ते विचारलं तर त्या तोंड फिरवून घ्यायच्या. मला राग यायचा. मरणाचीसुद्धा सोय सुनेनंच बघायची आणि वर धड सांगायचंही नाही!

दामिनीनं ते लुगडं मांडीवर घेतलं. "अव्वा, ह्याच्या कडेला ही बारीक भोकं कसली?"

"दंडाची हायत."

"दंड? कुणी केला दंड?"

सासूबाई किती तरी दिवसांनी हसल्या. "अगं, लुगडं मधीच विरतंय. मग विरलेलं कापून टाकायचं, आन् दोन्ही चांगली टोकं जोडायची. त्या शिवणीला दंड म्हणतेत. लुगडं लई जपून वापरायचो आम्ही."

दामिनीला काय आनंद झाला! तिच्या मॅडम जे परदेशातली उदाहरणं देऊन शिकवत होत्या ते तिची आजी एके काळी रोज अंगावर नेसत होती. बराच वेळ ती प्रश्न विचारत राहिली. दुसरा अर्धा भाग कुठं गेला, हे मात्र तिनं विचारलं नाही. मीही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. फाटला असेल, असंच धरून चालले होते.

पुढच्या खेपेला ती आली ती पिशवीत दुसरं अर्धं इरकल घेऊन. मैत्रिणीच्या उदगीरच्या आजीकडून मागून आणलेलं, तसंच हिरवं, लाल पदराचं. दिवसभर दारात उजेडाला बसून तिनं हातानं दंड घातला, त्याच जुन्या भोकांतून सुई काढत. इतकी सरळ शिवण माझ्याच्यानं झाली नसती, पण हे मी तिला सांगितलं नाही. माझं मन मात्र हलकं झालं. आता म्हातारीला नीट नेसवता येणार होतं.

दामिनीनं ते लुगडं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पदर चाचपला. मग बोटं शिवणीवर गेली आणि त्या नखानं दोरा ओढायला लागल्या.

"अव्वा, काय करायलीस?"

"काढ हे. ह्याला जोडू नको, बाई."

दामिनीचं तोंड एवढंसं झालं. मी तर भडकलेच. "पोरीनं एवढं जीव लावून शिवलं, आन् तुम्ही..."

"सिंधु, बस खाली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून मी बसले.

"भूकंपाच्या राती हेच नेसलेलं व्हतं. माझ्या लेकीला, शिवलीलेला, उकरून काढलं, तर अंगावर घालायला चिंधी न्हाई. मी दातानं दंड उसवला आन् पदराकडचं तिला गुंडाळलं." त्या दम घ्यायला थांबल्या. "आपल्यात माणसाला बसवून मातीत देतेत. तिला न्हाई देता आलं. समद्यास्नी एकाच सरणावर ठिवलं. पदर तिच्यासंगं गेला."

घरात एक मुलगी होती आणि ती भूकंपात गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"हे नेसवायचं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "मांडीवर ठिवायचं. तिला मांडी न्हाई मिळाली."

मला रडू आवरेना. माझ्या सासूचं लेकरू ट्रंकेत होतं आणि मी वार मोजत होते. दामिनीनं कात्री घेतली आणि टाका टाका उसवून दोन्ही भाग वेगळे केले.

संक्रांतीच्या आधी सासूबाई गेल्या. नवी साडी नेसवून त्यांना खड्ड्यात मांडी घालून बसवलं. आत उतरलेल्या गुरुबसप्पा स्वामींनी कपाळाला विभूती लावली, डाव्या तळव्यात इष्टलिंग ठेवलं. दामिनी काठावरून वाकून लुगड्याची घडी पुढं करायला लागली, तसं स्वामींनी थांबवलं.

"जुनंपानं कापड आत घालायचं न्हाई. प्रथा न्हाई तशी."

 

"कापड न्हाई, स्वामी," दामिनी म्हणाली. "लेक हाय तिची."

गुरुबसप्पांनी वर पाहिलं. भूकंपाच्या पहाटे जुन्या गावात तेही होते. त्यांनी दोन्ही हात वर करून ती घडी लेकरू घ्यावं तशी घेतली, सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या उजव्या हाताखाली नीट सरकवली. मग म्हणाले, "आता माती द्या."