कोटातला पेंढा

डोळा तिच्या तळव्याला चिकटून बसला होता. नखाएवढा, प्लॅस्टिकचा, आत सुटं काळं बुबुळ असलेला – हात हलला की ते हलायचं, आणि हात थांबला तरी क्षणभर डुगडुगत राहायचं. मार्लिसने तो नखाने खरवडून पाहिला, पण डिंक पक्का सुकला होता. असू दे. मुलांना गंमत वाटेल. मिस मार्लिसच्या हाताला डोळा आलाय म्हणतील, आणि मग प्रत्येकाला आपल्या हातावर एकेक डोळा हवा होईल, आणि बुजगावणी सगळी आंधळी राहतील... तिला हसू आलं. ग्रंथालयाच्या तळघरातल्या त्या लांबट खोलीत अजून कोणी नव्हतं. टेबलांवर वर्तमानपत्रं पसरलेली, कोपऱ्यात पेंढ्याच्या चार गासड्या, खिडकीच्या पट्टीवर कागदी ताटल्यांचे भोपळे ओळीने वाळत ठेवलेले. दहाला पाच मिनिटं कमी होती.

सव्वीस वर्षं ती हे करत आली होती. हॅलोवीनच्या आधीचा गुरुवार, तीन ते पाच वर्षांची मुलं, एक चित्रांचं पुस्तक, आणि त्या पुस्तकातून निघालेला सकाळभराचा खेळ. एका वर्षी चेटकिणीचं सूप केलं होतं – खरंखुरं, भोपळ्याचं – ते एकाही मुलाने तोंडाला लावलं नाही. एका वर्षी वटवाघळं – काळ्या रंगात बुडवलेल्या पंजांचे ठसे, त्यातले दोन अजून रेडिएटरच्या मागे भिंतीवर आहेत. भुतं झाली, घुबडं झाली, कोळी तर तीनदा झाले. बुजगावणं मात्र कधी झालं नव्हतं. सुचलं नाही, एवढंच. असं ती कोणी न विचारताच स्वतःला सांगायची.

पण यंदा उन्हाळ्यात नव्या पुस्तकांच्या खोक्यात बुजगावण्याचं पुस्तक आलं. चित्रं इतकी सुरेख की बघत राहावं – पिवळंजर्द शेत, त्यात एकटं उभं बुजगावणं, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतंय, ‘तुला माझी भीती वाटते का?’ तिने ते तीनदा कपाटात ठेवलं आणि चौथ्यांदा काढून टेबलावर आणलं. पालकांना चिठ्ठी पाठवली : मुलांचे तोकडे झालेले जुने कपडे घेऊन या. मुलांचे – हा शब्द तिने दोनदा लिहिला होता. मोठ्यांचे कपडे भरायला पेंढा फार लागतो, असं कारणही मनाशी तयार होतं.

मुलं आली, आणि मग विचार करायला उसंत राहिली नाही. अकरा मुलं, हॅलोवीनची सोंगं घेऊन. एक वाघ, दोन मधमाश्या, एक आगीचा बंब – त्याला खोक्यामुळे खाली बसता येईना, तो उभ्यानेच गोष्ट ऐकू लागला. मार्लिस बुटक्या खुर्चीवर बसून वाचत होती, आणि बुजगावण्याने प्रश्न विचारला की सगळी एका सुरात ओरडत होती, “नाऽऽही!”

“कावळ्या, तुला माझी भीती वाटते का?”

“नाऽऽही!”

“मला थोडी वाटते,” आगीचा बंब म्हणाला.

“थोडी चालते,” मार्लिस म्हणाली आणि तिने पान उलटलं.

गोष्ट संपल्यावर पेंढा भरायला सुरुवात झाली. शर्टाच्या बाह्या दोरीने बांधायच्या, आत मुठीमुठीने पेंढा कोंबायचा, डोक्यासाठी उशीचा अभ्रा. खोलीभर धूळ उडाली, दोन-तीन मुलं शिंकू लागली, आणि पेंढ्याचा तो गोडसर, कोरडा, गोठ्यातला वास... तो वास तिने अपेक्षिला होता, त्याची तयारी ठेवली होती. त्याला तिने सहज तोंड दिलं. तयारी ठेवली नव्हती ती कोटाची.

हॅटीने तो टेबलावर ठेवला तेव्हा धप्प आवाज झाला. जाड तपकिरी कापडाचा, कॉर्डरॉयच्या कॉलरचा, बाह्यांच्या कडा झिजलेल्या. कामावर घालायचा पुरुषाचा कोट. चार वर्षांची हॅटी त्याच्या शेजारी उभी होती आणि तिची हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर येत होती.

“हा बाबाचा आहे,” ती म्हणाली. “याला खूप पेंढा लागणार.”

मार्लिसने मान वर केली. दारापाशी हॅटीची आजी डोरीन उभी होती – शाळेत मार्लिसच्या दोन वर्ग पुढे असलेली, आवाज तेव्हाही मोठाच. आता मात्र ती जवळ आली आणि आवाज दाबून बोलू लागली.

“दान द्यायच्या पिशवीत टाकला होता गं मी. पार तळाशी. कार्टीने उपसून काढला. म्हटलं, तुझा जांभळा स्वेटर ने, तर गाडीत बसायलाच तयार नाही.”

“आणि... तो?”

“डाकोटात. तेलाच्या विहिरींवर. मार्चमध्ये गेला तो दोन महिन्यांत येतो म्हणून. आता म्हणे तिथेच घर बघतोय. एकट्यासाठी नाही बघत, कळलं ना?” डोरीनने ओठ घट्ट मिटले. “माझी लेक अजून दाराची कडी लावत नाही रात्री. मी काही बोलत नाही. बोलून काय होणार?”

मार्लिसने मान हलवली. तिचे हात त्या कोटाची बाही बांधू लागले होते, आणि हातांना बाहीचं ते जाड, मेणचट कापड कळत होतं...

बाबांचा कोट लोकरीचा होता. लाल-काळ्या चौकड्यांचा. दूध, तंबाखू आणि डिझेल यांचा मिळून एक वास त्याला यायचा. ऑगस्टमध्ये बाबा गोठ्यात दूध काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत, आणि कोट मागच्या दाराच्या खुंटीवर तसाच लटकत राहिला, कारण ऑगस्टमध्ये कोणी कोटाकडे बघत नाही. ती अकरा वर्षांची होती, धाकटा भाऊ ऑरिन पाच. हॅलोवीनसाठी आईने त्या वर्षी काही शिवलं नाही. मार्लिसने काहीच मागितलं नाही. संध्याकाळी सगळ्या शेजारच्या मुली बाहेर पडायच्या वेळेला तिने तो कोट घातला, टोपी डोळ्यांवर ओढली, कॉलरमध्ये आणि बाह्यांमध्ये पेंढा बाहेर लोंबेल असा खोवला – मी बुजगावणं होणार होते, फक्त बुजगावणं – आणि गोठ्याकडून अंगण ओलांडून मागच्या दाराशी आली. ऑरिनला घाबरवायचं होतं. एवढंच. सगळ्याच बहिणी भावांना घाबरवतात.

तो घाबरला नाही. जाळीचं दार ढकलून तो धावत बाहेर आला, अनवाणी, हसत, हात पसरून, आणि तिच्या पोटाला घट्ट मिठी मारून कोटात तोंड खुपसून म्हणाला, “आलात!”

पुढचं सगळं तिला वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये आठवायचं. आपण त्याला ढकललं. टोपी फेकली. ओरडलो, “मी आहे, मूर्खा! मी आहे!” तो पायरीवर बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. रडला नाही. आत आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती, नळ चालू होता, आणि मागे वळून न बघता ती एवढंच म्हणाली, “कोट जागेवर ठेव.”

त्यानंतर बावन्न वर्षं. ऑरिन डुलुथला बोटींच्या गोदीत नोकरी करून निवृत्त झाला, दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो, तो बर्फाबद्दल बोलतो, ट्रकच्या टायरांबद्दल बोलतो, ती पुस्तकांबद्दल बोलते. चांगला आहे भाऊ. कधी दुखावून बोलला नाही. पण ती रोज कुठेतरी हे जाणून असते की एका पाच वर्षांच्या मुलाला आपण त्याचा बाप परत आणून दिला आणि पाच सेकंदांत काढून घेतला. फसवलं. तो ते विसरला असावा, अशी तिची इच्छा होती – इच्छा कसली, सवयच. दिवा मालवावा तशी रोज ती हा विचार करून मग झोपायची...

“मिस मार्लिस, पोट अजून रिकामं आहे,” हॅटी म्हणाली.

दोघींनी मिळून पोट भरलं. छाती भरली. अभ्र्याचं डोकं बसवलं, त्यावर डोळे चिकटवले, हॅटीने त्याला लाल खडूने तोंड काढलं – सरळ रेघ, ना हसरं ना रडकं. मग ते एका खुर्चीत बसवलं. एवढा मोठा देह त्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर काढून बसला, आणि हॅटी चढून त्याच्या मांडीवर बसली. पाठ टेकली. एक पेंढ्याची बाही ओढून तिने आपल्या पोटावर घेतली.

खोलीतली मोठी माणसं तिकडे बघू लागली. मुलं मात्र आपापल्या कामात होती.

“बघ,” डोरीन दबक्या आवाजात म्हणाली. “हेच मी म्हणत होते. आता हे घरी न्यायचं म्हणेल. माझी लेक कामावरून येणार, आणि अंगणात हा बसलेला दिसणार! मार्लिस, तू काढ तो कोट. तुझं ऐकेल ती. गवत काढ आणि सांग, खेळ संपला.”

बुजगावणी ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवरच ठेवायची असं ठरलेलं होतं, पण हा कोट बाहेर पावसात पडणार असं म्हटलं तर ही पोर... मार्लिस पुढे झाली. वाकली. तिचा हात टोपीकडे गेला – हॅटीने घरून आणलेली विणलेली टोपी – आणि तिथेच थांबला. आपल्याला हे एकदा जमलं होतं. एका झटक्यात. हाताला ती हालचाल अजून ठाऊक होती.

“हॅटी,” ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला, “हा... बाबा नाही ना गं?”

हॅटीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू मिस मार्लिसला काहीच कळत नाही.

“बाबा कसा असेल? याला पेंढा आहे. आपणच नाही का भरला?” मग समजावणीच्या सुरात, “बाबाला खरं डोकं आहे.”

“हो, फार आहे,” डोरीन पुटपुटली.

“मग तू याच्या मांडीवर का बसलीस?”

“कोट आहे ना,” हॅटी म्हणाली, आणि पुन्हा पाठ टेकली.

मार्लिस वाकलेलीच राहिली. गुडघ्यात कळ आली तेव्हा तिला कळलं की आपण किती वेळ असेच आहोत. तिने टोपीवरचा हात काढून घेतला – काढताना टोपी जरा सरळ केली.

“डोरीन,” ती उठत म्हणाली, “लेकीच्या घरी नको. तुझ्या घरी ने.”

“माझ्या? वेडी आहेस का? माझ्याकडे मांजरं आहेत!”

“मांजरांना पेंढा आवडतो.”

“अगं, पण...” डोरीनने नातीकडे पाहिलं. मग पर्स खांद्यावर चढवली आणि एकदम नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “पाय धर तू. हे माझ्याच्याने एकटीने उचलायचं नाही.”

दोघींनी त्याला जिना चढवून वर आणलं. वाटेत पेंढा सांडत होता, मधमाश्या तो गोळा करत मागून येत होत्या. डोरीनच्या गाडीत त्याला पुढच्या सीटवर बसवलं. हॅटी मागून ओरडली, “पट्टा लाव त्याला!” आणि डोरीन, चाळीस वर्षं स्वतः पट्टा न लावता गाडी हाकणारी डोरीन, शिव्या पुटपुटत त्या कोटावरून पट्टा ओढून खटकन बसवती झाली.

गाडी वळून गेली. बाकीची मुलं बँकेच्या दिशेने मिरवत निघाली, तिथे त्यांना चॉकलेटं मिळणार होती. आगीचा बंब सगळ्यांत मागे.

मार्लिस खाली आली आणि झाडू लागली. पेंढा जमिनीला चिकटून बसतो, एकदा झाडून निघत नाही. ती सावकाश झाडत होती. कोटात बहीण आहे हे ऑरिनला तेव्हा कळलं होतं का? हा प्रश्न तिने कधी स्वतःला विचारलाच नव्हता. बाहीतून लोंबणारा पेंढा त्याला दिसला नसेल? अकरा वर्षांच्या मुलीची उंची, तिचे बूट, जे तो रोज बघायचा – पाच वर्षांचं मूल काही खुळं नसतं. समजा कळलं असेल. समजा तो कोटाला म्हणाला असेल – किंवा कोट घातलेल्या बहिणीला, जिच्याशी तीन महिने घरात कोणी बोललं नव्हतं आणि जी कोणाशी बोलली नव्हती – ‘आलात’. खेळ म्हणून, किंवा खेळापेक्षा थोडं अधिक. मग आपण त्याला फसवलं नव्हतं. मग आपण फक्त त्याला ढकललं होतं.

हे जास्त वाईट होतं की कमी, तिला ठरवता येईना. तिने झाडू भिंतीला टेकवला. बावन्न वर्षं एक गोष्ट उराशी धरून ती स्वतःच त्या गोष्टीच्या आकाराची झाली होती, आणि आता तीच गोष्ट हातात वेगळ्या वजनाची लागत होती, अनोळखी, धरायची कशी हेही कळू नये अशी. आज गुरुवार. रविवारी फोन येईल. ती विचारेल असं नाही. ऑरिन टायरांबद्दल बोलेल, तीही हं हं म्हणेल, कदाचित पुढच्या रविवारीही तसंच. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. आणि तिच्या लक्षात आलं की आपण काहीतरी नेहमीचं शोधतो आहोत आणि ते जागेवर नाही – ऑरिन ते विसरला असावा, अशी इच्छा आता तिला होत नव्हती. त्याला आठवत असू दे, असं वाटत होतं.