तूप-तांदळाचा तह

भैरवनाथाच्या यात्रेत काटवडी आणि कडेवस्ती यांची जुंपली, त्यात काटवडीच्या मानसिंगचा पुढचा दात गेला आणि कडेवस्तीच्या हैबतीच्या कपाळाला टाके पडले. कारण म्हटलं तर एवढंसं होतं. देवळापुढं आधी कडेवस्तीच्या धनगरांचा ढोल वाजायचा, हे आजवर चालत आलेलं. यंदा काटवडीच्या तरुण मंडळानं पुण्याहून डीजे आणला आणि त्याचा टेम्पो थेट दीपमाळेला नेऊन लावला. ढोलवाले मागं राहिले. थोड्या वेळानं डीजेची वायर तुटली. ती कुणी तोडली हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. कडेवस्तीचे लोक म्हणतात, शेळीनं चावली. भर यात्रेत, चालू गाण्यात, शेळीनं.

मग नारळ उडाले, लेझमा उडाल्या, दोन्हीकडचे लोक भोरच्या सरकारी दवाखान्यात शेजारी शेजारी बाकावर बसून मलमपट्टी करून आले, आणि तिथून उठून एकमेकांवर तक्रारी द्यायला गेले.

काटवडी भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. कडेवस्ती तिच्या डोक्यावर, पठारावर. मधे एक ओढा. यात्रेनंतर त्या ओढ्याची सरहद्द झाली. मानसिंग काटवडीचा उपसरपंच. त्यानं चावडीवर सांगितलं, "वस्तीची एक मेंढी आपल्या शिवारात दिसता कामा न्हाई. आन् गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं न्हाई." हैबती वस्तीतला जाणता माणूस, सगळे त्याला तात्या म्हणत. त्यानं वर जाहीर केलं, "दुधाचा थेंब आन् खताची लेंडी खाली जाणार न्हाई."

दोन्ही हुकूम कडक पाळले गेले आणि दोन्ही गावांचे हाल सुरू झाले. काटवडीत भोरहून पिशवीचं दूध यायला लागलं. ते एसटीत हिंदकळून यायचं आणि चहात पडलं की फाटायचं. रानात मेंढ्या बसल्या नाहीत, त्यामुळं खत नाही. भाताची रोपं कावीळ झाल्यासारखी उभी. वर कडेवस्तीच्या बाया दळणाची गाठोडी डोक्यावर घेऊन आंबवड्याच्या गिरणीच्या वाटेला लागायच्या आणि परत येताना पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. मानसिंग आणि हैबती मात्र आपापल्या ठिकाणी एकच वाक्य म्हणत होते, "आमाला काय फरक पडत न्हाई."

फरक पडला होता तो साळूबाईला आणि कोंडाबाईला. साळूबाई मानसिंगची आई. कोंडाबाई हैबतीची बायको. कोंडाबाई नवी नवरी असताना डोक्यावर दुधाची किटली घेऊन खाली यायची, तेव्हापासूनची दोघींची मैत्री. साळूबाईच्या पडवीत बसून चहा घेतल्याशिवाय कोंडाबाई कधी वर गेली नव्हती. आता त्यांना ओढा ओलांडायची बंदी होती. पण भोरच्या आठवडी बाजाराला जाणारी एसटी दोन्ही गावांना एकच होती. फाट्यावर दोघी एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहायच्या, आणि गाडीत चढल्यावर मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या.

"तुझा पोरगा काय म्हनतो?" कोंडाबाईनं एका बाजाराला विचारलं.

"म्हनतो, हैबतीतात्यानं आधी यावं. तुझा दादला?"

"म्हनतो, मानसिंगनं आधी यावं."

"मंजी यायचं दोघांस्नी बी हाय."

"हाय गं. पर आधी यायचं न्हाई."

साळूबाईनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाली, "मंग दोघांस्नी बी मागनंच जाऊ दे की."

"आँ?"

"तुझ्या दादल्याला वाटलं, मानसिंग आधी नमला. मानसिंगला वाटलं, हैबती आधी नमला. मंजी दोघं बी मागनं नमलं."

कोंडाबाईला हे समजायला एक वळण गेलं. समजल्यावर ती अशी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं.

पुढच्या बाजाराला कोंडाबाईच्या पिशवीत घरी कढवलेल्या तुपाचा डबा होता आणि साळूबाईच्या पिशवीत आंबेमोहर तांदूळ. एसटीच्या बाकावर दोन्ही वस्तूंची अदलाबदल झाली.

त्या दिवशी मानसिंग जेवायला बसला, तर भातावर तूप. कितीतरी दिवसांनी त्या वासानं घर भरलं होतं.

"हे कुठलं?"

"वरनं आलंय."

"वरनं?" मानसिंगचा घास हातातच राहिला.

"हैबतीनं धाडलंय. म्हनला, मानसिंगला द्या, पर माझं नाव सांगू नका."

"मंग तू का सांगितलंस?"

"तू इचारलंस म्हनून."

मानसिंगनं ताट जरा मागं सारलं. परत पाठवावं असं त्याच्या मनात आलं असावं, पण तूप भातात उतरून गेलं होतं. "म्हातारा नरमला म्हनायचा," तो म्हणाला आणि त्यानं आणखी भात मागितला.

वर कडेवस्तीत कोंडाबाईनं आंबेमोहर शिजत टाकला. हैबती बाहेर कोकरांना पाला टाकत होता, तो वासानं आत आला.

"तांदूळ कुणाचा ह्यो?"

"मानसिंगनं दिलाय."

"म्या न्हाई खानार."

"नका खाऊ. पर पोरगं म्हनत हुतं, तात्यांच्या कपाळाचं लई वाईट वाटतंय. झोप लागत न्हाई म्हनला." हे शेवटचं ठरलेलं नव्हतं. कोंडाबाईच्या तोंडून ते आपोआप आलं, आणि आल्यावर तिलाही पटलं.

हैबतीनं कपाळावरच्या वणावरून बोट फिरवलं. "दात पडल्यावर अक्कल आली म्हनायची," असं पुटपुटत तो ताटावर बसला.

एकदा चव लागल्यावर दोघींना थांबवणं अवघड होतं. दर बाजाराला तूप खाली येत होतं, तांदूळ वर जात होता, आणि त्यांच्याबरोबर निरोपही. साळूबाईनं मुलाला सांगितलं की हैबती देवळाकडं बघून डोळे पुसतो. कोंडाबाईनं नवऱ्याला सांगितलं की मानसिंग भेटल्या भेटल्या पाया पडणार आहे. मग एका बाजाराच्या दिवशी एसटीत दोघींचंच भांडण लागायची वेळ आली.

"माझ्या दादल्याला रडवलंस व्हय गं? सगळ्या काटवडीत झालंय, हैबती रडतो म्हनून!"

"आन् तू माझ्या पोराला पाया पडायला लावलंस, त्याचं काय?"

"पडला कुठं? पडीन म्हनलाय!"

मग दोघींच्याही लक्षात आलं की आता हे फार दिवस लांबवता येणार नाही. ओढ्यावर जांभळीखाली भेट घडवायची, असं गाडी भोरात शिरेपर्यंत ठरलं. मानसिंगला सांगायचं, हैबती माफी मागायला ओढ्यापर्यंत येतोय, तू पुढं होऊन माफी घे. हैबतीला सांगायचं, मानसिंग येतोय.

"आन् समोरासमोर आल्यावर?" कोंडाबाईनं विचारलं.

"ते त्यांचं त्यांनी बघावं. आपन काय जल्मभर पुरनार हाय का?" साळूबाई म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी दोन्ही गावं ओढ्यावर लोटली. हैबतीनं तांबडा फेटा बांधला होता आणि खांद्यावर नवी घोंगडी टाकली होती. मानसिंगनं इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते आणि ओढ्याच्या चिखलातून ते सांभाळत तो येत होता. दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या काठावर उभं राहावं आणि दोघांनीच जांभळीखालच्या मधल्या खडकावर बसून बोलावं, असं दोघींनी सुचवलं होतं. ओढ्याला पाणी चांगलं होतं. त्याच्या खळखळाटात खडकावरचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. पण दिसणार होतं, आणि तेवढ्यासाठी दोन्ही काठांवर मोबाईल वर झाले होते.

दोघं समोरासमोर बसले. हैबतीनं मिशीवरून हात फिरवला. मानसिंगनं बाही नीट केली.

"बोला तात्या," मानसिंग शेवटी मोठ्या मनानं म्हणाला.

"म्या काय बोलू? तू बोल."

"तुमी आलाय, तुमी बोला."

"म्या आलोय? मंग तू काय हितं पोहायला आलास?"

पाणी वाहत होतं. हैबतीला वाटलं, पोरगं लाजतंय, त्याला जरा हात द्यावा. तो म्हणाला, "ह्ये बघ मानसिंग, तू तांदूळ धाडत गेलास, तवाच माझं मन साफ झालं."

"कुठला तांदूळ?"

"आंबेमोहर."

मानसिंग उठून उभा राहायचा बाकी होता. "तात्या, आमची तांदळाची कनगी खाली चाललीय. आई म्हनते, उंदीर झालेत!"

"उंदीर?"

"आन् म्या तर तुमच्या तुपानं विरघळलो की!"

"कुठलं तूप?" हैबतीचा आवाज चढला, आणि लगेच पडला. त्याला आपली फळीवरची रिकामी बरणी आठवली. "आमची बाय म्हनते, मांजर लागलंय."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनी एकाच वेळी माना वळवल्या. खालच्या काठावर साळूबाई पदराचा काठ निरखत बसली होती. वरच्या काठावर कोंडाबाई आभाळात एखादा पक्षी शोधत होती. आभाळात एकही पक्षी नव्हता.

"तात्या," मानसिंग दात आवळून म्हणाला, "ह्या दोघींनी आपल्याला..."

"मान हालवू नगंस. शूटिंग चाललंय."

ते खरंच होतं. काटवडीचं तरुण मंडळ हैबतीच्या माफीचं शूटिंग घ्यायला आलं होतं आणि कडेवस्तीचे पोरगे मानसिंगच्या. दोघं तसेच पुतळ्यासारखे बसून राहिले. आता फणकाऱ्यानं उठून गेलं, तर लोक विचारणार काय झालं. खरं सांगितलं, तर भोरच्या स्टँडपासून सारोळ्याच्या पुलापर्यंत हसं होणार. उपसरपंचाला आईनं तुपावर फिरवला आणि जाणत्या म्हाताऱ्याला बायकोनं भातावर.

"काय करायचं?" मानसिंगनं ओठ न हलवता विचारलं.

हैबतीनं मेंढरं हाकण्यात जन्म घालवला होता. अडलेला कळप कुठून काढायचा हे तो नेहमी आधी बघायचा. तो म्हणाला, "असं कर. तू तुझ्या माणसांस्नी सांग, हैबतीनं माफी मागितली. म्या वर सांगतो, मानसिंगनं मागितली."

"आन् दोन्हीकडच्या मानसांची गाठ पडली तर?"

"पडू दे की. तुझी मानसं म्हनतील, तुमी माफी मागितली. माझी म्हनतील, तुमी मागितली. भांडत बसतील जल्मभर. पर मेंढ्या रानात बसतील, आन् दळण गिरणीत जाईल."

मानसिंगला हे इतकं पटलं की त्याचा राग बाजूला पडला. "मला वाटलं हुतं, तुमी रडनार," तो म्हणाला.

"मला वाटलं, तू पाया पडनार."

आणि मानसिंग हसला. यात्रेनंतर हैबती त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होता. हसताना पुढची फट दिसली, आणि म्हाताऱ्याचं हसू जरा थांबलं.

"लई दुखलं का रं?"

"तवा न्हाई. घरी गेल्यावर." मानसिंगनं त्याच्या फेट्याखालच्या वणाकडं पाहिलं. "आन् तुमाला?"

"पाऊस यायच्या आदी ठणकतं."

मग कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण दोघं उठले आणि त्यांनी गळाभेट घेतली. त्यात मानसिंग वाकला होता, त्यामुळं कडेवस्तीला वाटलं, पाया पडला. हैबतीनं घोंगडीच्या टोकानं तोंडावर उडालेलं ओढ्याचं पाणी पुसलं, त्यामुळं काटवडीला वाटलं, रडला. दोन्ही काठांवर शिट्ट्या झाल्या. डीजे आणि ढोलाचं काय, हेही दोघांनी उभ्या उभ्या मिटवलं. दीपमाळेला ढोल, आणि डीजे देवळामागं, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून. मासे ऐकतील तर ऐकू देत, असं हैबती म्हणाला.

त्याच आठवड्यात वस्तीच्या मेंढ्या मानसिंगच्या पडीक तुकड्यात बसल्या. दुधाच्या किटल्या खाली आल्या, दळणाची गाठोडीही खाली आली, आणि गिरणीसमोर दोन्ही गावच्या बायांची रांग लागली. कुणी कुणाची माफी मागितली यावरून रांगेत रोज वाद होतो. त्या वादात हातघाई मात्र होत नाही, कारण हात दळणात गुंतलेले असतात.

त्या दिवशी ओढ्यावरून घरी येतानाच मानसिंगनं आईवर गरम व्हायचं ठरवलं होतं. पण पडवीत शेजारपाजारचे चार लोक विजयाचा चहा प्यायला जमले होते. त्यानं साळूबाईला चुलीपाशी गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, तुला लाज वाटाय पायजे. माझ्याशी खोटं बोललीस?"

"काय म्हनतोस?" साळूबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "मोठ्यानं बोल, मला ऐकू येत न्हाई!"

पडवीतले लोक चहा थांबवून आत बघायला लागले.

"काय न्हाई, काय न्हाई," मानसिंग घाईनं म्हणाला. "चहात साखर कमी हाय, येवढंच म्हनत हुतो."

"ते व्हय?" साळूबाईनं साखरेचा डबा त्याच्या हातात दिला. "घाल की मग तुझ्या हातानं. आन् उद्या कोंडाबाई जेवायला येतीय, तिच्यासाठी बाजारातनं चांगली मेथी आन."