खांबाचा ओरखडा

गाडीने दार उघडलं नाही. मारिएतने फोन पुन्हा काचेजवळ धरला, तर पडद्यावर तीच ओळ आली : तुमचं नाव चालकांच्या यादीत नाही. गॅरेज तिचं, वीज तिची, गाडीला न चुकता चार्जिंगला लावणारीही तीच, आणि यादीत नाव नाही. तिला आधी हसू आलं. ही यंत्रं अधूनमधून बावचळतात, हे तिला ठाऊक होतं. तिने शेजारच्या वानेसला फोन लावला, कारण यादी तोच सांभाळायचा.

गेंट शहराच्या जुन्या भागात मोटारींना बंदी आली, तेव्हापासून गल्लीतल्या पाच घरांत मिळून ही एक गाडी होती. कॅमेऱ्याने नंबर ओळखला तरच आत शिरता येतं, नाहीतर दंडाची पावती घरी येते. आणि परवाना मिळतो तो ज्याचं बंदीच्या भागात स्वतःचं गॅरेज आहे त्यालाच. पाचांत गॅरेज एकट्या मारिएतकडे. त्यामुळे गाडी तिच्याकडे उभी राहायची, परवाना तिच्या नावाचा होता, आणि बाकीची चार घरं किराणा, पोरं, पलंग, कपाटं सगळं थेट दारापर्यंत आणायची. बदल्यात मारिएतने एवढंच मागितलं होतं : गुरुवारी एक ते पाच गाडी माझी.

गुरुवारी ती एक्लो गावच्या वृद्धाश्रमात भावाकडे, सिरिएलकडे जायची. त्याचे पाय गेले होते. ती तिथल्या माणसांच्या मदतीने त्याला गाडीत बसवायची, कालव्याकाठी न्यायची, आणि दोघं मालवाहू होड्या बघत फ्राईज खायचे. त्या चार तासांच्या भरवशावर सिरिएल बाकीचा आठवडा काढायचा आणि खरं सांगायचं तर तीही.

"वानेस, गाडी मला ओळखत नाहीये," ती म्हणाली.

वानेस म्हणाला, "मारिएत, मी शनिवारी येऊन समोरासमोर सांगणार होतो. यादी आजच बदलेल असं वाटलं नव्हतं मला."

"काय सांगणार होतास?"

"आम्ही चार घरं परवा बसलो होतो. म्हणजे सहजच, जेवायला. तुमचं वय आता एकोणऐंशी. त्यात मार्चमध्ये मासळी बाजाराजवळच्या खांबाला गाडी घासलीत तुम्ही. बरं कुणालाच वाटत नव्हतं, पण..."

"पण जेवण गेलं सगळ्यांना."

"असं नका बोलू. एकमताने ठरलं."

"सिल्केचंही मत त्यात?"

"विषय तिनेच काढला, खरं तर. म्हणाली, उद्या एखादं पोर समोर आलं तर काय करायचं."

मारिएतने फोन बंद केला. गाडीच्या टपावर हात ठेवून ती नुसती उभी राहिली.

एकतीस वर्षं तिने गेंटमधल्या माणसांना गाडी शिकवली होती. कितीक शिकून गेले, त्यांतली सगळ्यात धांदरट सिल्के. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा भर रस्त्यात गळ्यात पडली. पुढे तीच शेजारी राहायला आली, तरी मारिएतला अजून "बाई" म्हणायची. मार्चमध्ये खांबाला गाडी घासली ती सिल्केने. ऑक्टोबरमध्येही तिने घासली होतीच, आणि वर्षात दोनदा नुकसान झालं की वर्षभर नाव यादीतून बाद, असा गटाचा नियम. ती मारिएतच्या स्वयंपाकघरात बसून हुंदके देत रडली होती. मारिएतनेच म्हटलं होतं, "माझ्या नावावर लिही. म्हातारीला कोण विचारतंय?"

एकतीस वर्षांत एक ओरखडा नव्हता तिच्या नावावर. तो तिने आपणहून लिहवून घेतला होता.

दहा मिनिटांत सिल्के गॅरेजच्या दारात आली.

"बाई, वानेसने पाठवलं मला."

"तो तर शनिवारी येणार होता. तुला आजच पिटाळलंय, म्हणजे काहीतरी काम असणार."

सिल्के ओशाळली. "ते महापालिकेचं पत्र आलंय ना तुम्हाला, परवान्याची मुदत वाढवायचं? तीस तारखेच्या आत सही लागते. आणि एक्लोला मी सोडेन की तुम्हाला. दर गुरुवारी नाही जमणार, पण अधूनमधून."

"खांबाला गाडी कुणी घासली, सिल्के?"

सिल्केने मागे वळून गल्लीकडे पाहिलं. "हळू बोला ना."

"बाकीच्या तिघांना एवढंच सांग. संध्याकाळच्या आत सही करून देते."

"बाई, मग वर्षभर मला गाडी बंद. दोन पोरं आहेत, त्यांचं पोहणं आहे, आईचा दवाखाना आहे. तुम्हाला काय, आठवड्यातून एकदाच तर लागते."

मारिएतला वाटलं होतं, ही रडेल, माफी मागेल, आणि आपण नेहमीसारखे विरघळू. पण आपण काही वावगं बोललो, असं सिल्केला वाटतच नव्हतं. ती खरोखरच समजावून सांगत होती.

"जा तू. मला बस गाठायची आहे."

"आणि सहीचं?"

"एकमताने ठरवलंत ना? मग सहीसुद्धा एकमतानेच करा."

पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. पर्स घ्यायला आत गेली तेव्हा ते तिला दिसलं, शेजारी पेनही होतं. महिना संपला की कॅमेऱ्याला ही गाडी कुठल्याही परक्या गाडीसारखीच दिसणार होती. सूड उगवल्याचं समाधान वगैरे काही तिला झालं नाही. फक्त हात पेनाकडे गेला नाही.

दोन बस बदलून ती पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. सिरिएल दारातल्या काचेपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. कोट घातलेला, टोपी घातलेली. एक वाजल्यापासून असेच बसलेत, जेवायलासुद्धा टोपी काढू देईनात, असं तिथल्या मुलीने सांगितलं. सकाळी कोण येऊन गेलं हे त्याच्या लक्षात राहत नसे, पण गुरुवार राहायचा.

"गाडी कुठंय?" त्याने विचारलं.

काय सांगायचं ते तिने बसमध्येच ठरवलं होतं. कुणी कुणाला फसवलं म्हटलं की तो दिवस दिवस बेचैन व्हायचा. "नाही आणली. मी ती खांबाला घासली, म्हणून काढून घेतली त्यांनी."

सिरिएल तिच्याकडे बघत राहिला. "तू?"

"हो, मीच. वय झालं आता."

"थापा मारू नकोस, मिएत," तो म्हणाला. "कुणाचं झाकतेयस?"

गल्लीतल्या त्या जेवणाच्या टेबलावर बाकीच्या तिघांतल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. मारिएतला रडू आलं. तिथली मुलगी बघत होती, तरी तिने ते आवरलं नाही. मग नाक पुसून ती खाली वाकली आणि सिरिएलच्या कोटाचं वरचं बटण काढायला लागली.

"राहू दे," तो म्हणाला. "बसतो असाच थोडा वेळ."

तिने एक खुर्ची ओढून त्याच्या डाव्या हाताला लावली. स्वतःचा कोटही काढला नाही. दोघं शेजारी शेजारी, काचेबाहेर बघत, पाच वाजेपर्यंत बसून राहिले.