माहेरचं गोठवलेलं लिंबू

मी लिंबू बोलतोय. गोड बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही, ती आशा आधीच सोडा.

माझा जन्म ताशकंदजवळ, झांगीअतामधल्या एका खंदकात झाला. आमच्याकडची थंडी लिंबाच्या झाडाला उघड्यावर जगू देत नाही. म्हणून माणूस बुडेल एवढा खोल चर खणायचा, झाडं त्यात लावायची, हिवाळ्यात वर काचा घालायच्या आणि आत शेगडी पेटवायची. आमचे मालक एर्गाश-अका, म्हणजे एर्गाशदादा, थंडीभर त्या चरातच झोपायचे. त्यांची बायको शिडीवरून जेवण खाली द्यायची आणि ओरडायची, "निकाह माझ्याशी लावलात की या लिंबांशी, ते एकदा सांगून टाका!"

"लिंबं उलट बोलत नाहीत," अका म्हणायचे आणि खदखदून हसायचे. तीही हसायची.

मी पिकलो तेव्हा साल पातळ, रंग नारिंगी, अंगात रस नुसता मावत नव्हता. अकांनी आम्हाला एकेक करून कात्रीनं काढलं, पेटीत निजवलं आणि शहरात मुलीच्या सासरी नेऊन दिलं. मुअत्तर त्यांची एकुलती एक. शरदात तिचं लग्न झालं आणि महिन्याभरात नवरा रशियात बांधकामावर निघून गेला. घरात उरल्या सासू सलोमत आणि ही.

"एवढी लिंबं?" सासूनं पेटीत डोकावून विचारलं. "व्याह्यांनी आपल्याला दुकान घालून दिलं की काय?"

"आई, मी गोठवून ठेवते ना. उन्हाळ्यात चहाला होतील."

"ठेव बाई. तुझ्या माहेरचं दुसरं ठेवण्यासारखं आलंय तरी काय!"

मुअत्तरला गोठवायची रीत नीट ठाऊक होती. तिनं आम्हाला धुतलं, कोरडं पुसलं, पातळ चकत्या केल्या. बिया सुरीच्या टोकानं काढल्या, नाहीतर कडवटपणा उतरतो. मग ताटात चकत्या सुट्या सुट्या मांडल्या, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत, आणि कडक झाल्यावर पिशवीत भरल्या. चकत्या झाल्यावर मी नेमका कुठल्या चकतीत उरलो, असं कुणी विचारील. सगळ्यांत उरलो. दुखलंही सगळ्यांत.

फ्रीझरमध्ये मेंढीच्या चरबीच्या गोळ्याला टेकून मी पडलो. ज्या थंडीपासून बापानं रात्र-रात्र जागून वाचवलं, तिच्यातच लेकीनं मला मायेनं नेऊन ठेवलं. मला तिचा राग आला नाही. या घरात तिच्या माहेरचं म्हणावं असं माझ्याशिवाय काही नव्हतंच. फोनसुद्धा सासूनं काढून घेतला होता. "सुनेच्या हातात फोन म्हणजे आमच्या घरातलं तुमच्या घरात," असं तिचं म्हणणं. मुअत्तर मांस काढायला यायची तेव्हा उगाचच आमची पिशवी हातात घ्यायची आणि परत ठेवायची.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी झाकण उघडलं. मुअत्तरनं घाईघाईनं आमची पिशवी ओढून काढली. बाप आला होता! तिनं किटलीत काळा चहा केला, मला बशीत काढून घेतलं आणि पाहुण्यांपुढं आली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर नान होते, खडीसाखर होती, जर्दाळू होते. सलोमतनं मांडायला काही कमी केलं नव्हतं. मला अका ओळखूच येईनात. गालफडं बसली होती.

"एवढ्या उन्हाचे कशाला आलात व्याही?" सलोमत म्हणाली. "निरोप धाडायचा."

"धाडले हो विहीणबाई. बरेच धाडले. पोचले नसतील." अका चाचरले. "हिची आई आता उठत नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागेल ते खाऊ घाला. तर ती खायला काही मागत नाही. पोरीला मागते. आठवडाभर पाठवा. मी स्वतः आणून सोडीन."

मुअत्तर हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं किटली खाली टेकवली.

"अरेरे," सलोमत म्हणाली. "पण नवरा परदेशात आणि सून माहेरी, गल्लीत काय म्हणतील? त्यात टोमॅटोच्या बरण्या भरायच्यात."

"मग दोन दिवस."

"दोन दिवसांत काय होतंय? जायचं तर नीट जावं माणसानं."

"मग आज. संध्याकाळी परत आणतो."

"बघू ना. तुम्ही जर्दाळू घ्या. आणि मला सांगा, अगदीच उठवत नाही का हो त्यांना? कूस कोण बदलतं?"

अका सांगत गेले. कूस ते स्वतः बदलत, चादरीही स्वतः धूत. ती विचारत गेली, ते सांगत गेले, आणि ती मान हलवत राहिली. नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. तिला त्या बोलण्याची चव लागली होती. आंबटाशी माझा जन्माचा संबंध आहे, पण असली जीभ मी पाहिली नाही.

शेवटी अकांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली. "विहीणबाई, तुमच्या झग्याची कड धरतो," म्हणाले आणि खरोखरच वाकले. पांढऱ्या दाढीचा माणूस, लेकीच्या देखत.

आमच्याकडे पाहुण्याचा पियाला अर्धाच भरतात. अर्धा म्हणजे बसा, पुन्हा मागा, पुन्हा देऊ. काठोकाठ भरला, की तोंडानं काही बोलावं लागत नाही. प्या आणि निघा, एवढाच त्याचा अर्थ. हे पोराटोरांनाही कळतं.

मुअत्तरनं बापाचा पियाला उचलला. मला त्यात टाकलं आणि ओतत राहिली, चहा काठाला येऊन दस्तरखानावर सांडेपर्यंत. मग डावा हात छातीवर ठेवून, मान खाली घालून, तो बापापुढं धरला.

अका वाकलेले होते, ते सरळ झाले. पियाल्याकडे बघितलं, मग लेकीकडे. तिनं मान वर केली नाही.

"बरं, पोरी," ते म्हणाले. "कळलं."

कढत चहा त्यांनी एका दमात संपवला, टोपी घातली आणि गेले. मी तळाशी राहिलो.

दार लागल्याचा आवाज आला तशी सलोमत हसली. "मी तर आज पाठवणारच होते तुला त्यांच्याबरोबर. जरा बोलत बसले होते, एवढंच. तूच हाकललंस बापाला, आता मी काय करू?"

खरं होतं की खोटं, तिचं तिलाच ठाऊक. मुअत्तर मात्र पियाला हातात धरून तिथंच खाली बसली.

आता मी मोरीत पडलोय, साल आणि चोथा. माझं संपलं, त्याचं मला काही नाही. पण अका आता बसमध्ये असतील, आणि घरी एक बाई दाराकडे डोळे लावून पडली असेल. तुमच्यापैकी कुणी झांगीअताकडे जाणार असेल तर त्यांना गाठा आणि सांगा, पोरीनं तुम्हाला घालवलं नाही हो, तुम्हाला वाकलेलं तिला बघवलं नाही. आजच सांगा. त्यांनी बायकोला सांगण्याआधी सांगा.