अंगठ्यापर्यंतची कळ

क्रेन चालवता चालवता त्याने तीन वर्षांत एकच उत्तर घोटून ठेवलं होतं : ‘काही नाही.’ कमरेतून निघालेली कळ पोटरी चिरत पायाच्या अंगठ्यात घुसायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि खालून सुपरवायझर ओरडायचा, “काय रे, ठीक ना?”

“काही नाही, साहेब!”

दुखतंय म्हणणाऱ्याला केबिनमधून उतरवून हातात झाडू देतात. कारखान्याला हात-पाय हवेत, त्यांचं दुखणं नको. हलकट कायदा, पण सगळ्यांना तोंडपाठ.

आता तो दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर पालथा पडला होता. पडद्यावरचा एक्स-रे बघत डॉक्टरीणबाईंनी सुई मणक्याशेजारच्या शिरेपाशी नेली.

“शीर जाळायची नाहीये. थांबून थांबून करंट देऊन तिला शांत करायचंय. पण नेमकी शीर कुठली, ते तुम्हीच सांगायचं. रोज दुखतं तिथेच मुंग्या येतायत का?”

मुंग्या गुडघ्यात आल्या. अंगठा गप्प.

नाही म्हटलं, तर ‘दुखणं कमरेचं नाहीच’ म्हणून हाकलतील. मग झाडू.

“हो, तिथेच.”

“नक्की?”

“नक्की.”

बाई मशीनकडे वळल्या. त्याला गेला आठवडा आठवला. ब्रेकवरचा पाय बधिर झाला, आणि सळ्यांचा भारा खाली हूक लावणाऱ्या बुटक्याच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. बुटका हसला होता, “उंच असतो तर मेलो असतो रे!” हसताना त्याचे ओठ पांढरे पडले होते. आणि आज सकाळी बायको म्हणाली होती, “माझ्याशी खोटं बोलता, बोला. तिथे डॉक्टरांशी बोललात तर तुमचं तुम्ही बघा.”

“थांबा, बाई! गुडघा होता. दुखतो तो अंगठा.”

बाजूला उभी सिस्टर फिस्सकन हसली. “भूल कमरेला दिली होती ना हो, जिभेला नाही!”

बाई हसल्या नाहीत. सुई काढून एक मणका खाली घातली. करंट सोडला.

“आई गं! हीच! हीच ती रांड!”

तीन वर्षांत तो पहिल्यांदा ओरडला.

नंतर बाई म्हणाल्या, “आराम पडेल की नाही, ते काही आठवड्यांनी कळेल. तोवर क्रेनवर चढायचं नाही. लिहून देऊ?”

“द्या.”

बाहेर बाकावर बायकोशेजारी बसून त्याने फोन लावला.

“काय रे, ठीक ना?” सुपरवायझरने विचारलं.

“नाही, साहेब. वर चढण्यासारखा नाही मी.”



“बघतो,” म्हणून फोन ठेवला गेला. अंगठा अजून ठणकत होता.