सिरियस आहे, निघून ये

आपल्याकडे लांबच्या माणसाला मरणाची बातमी सरळ सांगत नाहीत. 'सिरियस आहे, निघून ये,' एवढंच सांगतात. वाटेत काही होऊ नये, माणूस धड घरी पोचावा, हा त्यामागचा हेतू. सांगणाऱ्याला खरं माहीत असतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असतं, फोनच्या बूथवाल्यालाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त तिकडून जीव मुठीत धरून निघालेल्याला.

ज्योत्स्नाला हे सत्त्याण्णव साली कळलं. लग्न करून मॉरिशसला गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवरा दिनेश मालेगावचा, तिकडे एका कापड गिरणीत विणाई मास्तर म्हणून लागलेला. एका सकाळी नाशिकरोडहून गोटीरामकाकांचा फोन आला.

"पोरी, तुझा बाप लय सिरियस हाय. निघून ये."

"मला दादांशी बोलायचंय, काका."

"त्याला बोलता येत नाय. पर ऐकू येतंय. थांब, कानाला लावतो फोन. बोल तू."

मग ती बोलली, चांगली पाच मिनिटं. दादा, मी निघतेय. दादा, मागच्या वेळी भांडून आले ते मनात धरू नका. दादा, मी येईपर्यंत थांबा. विमानात तिने पाण्याचा घोट घेतला नाही. कसारा घाटात टॅक्सीवाल्यापुढे दोनदा हात जोडले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत, माहेरी पोचली तर क्वार्टरच्या ओट्यावर बायका पदर डोळ्याला लावून बसलेल्या. काकांनी फोन केला त्याच्या आदल्या दिवशीच दादांना अग्नी दिला होता. आणि तो फोन दवाखान्यातून नव्हताच, कॉलनीच्या गेटसमोरच्या एसटीडी बूथमधून होता. काकांनी रिसीव्हर हवेत धरून ठेवला होता. तिची माफी ऐकली ती बूथवाल्याने.

काकांचं काही चुकलं असं कोणालाच वाटलं नाही. "तुझ्या भल्यासाठीच गं," असं आईसुद्धा म्हणाली. पण ज्योत्स्नाच्या मनात ते बसलं ते बसलंच. बाप गेल्याचं दुःख होतंच, त्यावर वेड्यात काढलं गेल्याची लाज होती, आणि दुःखाला निदान चार माणसांत रडता येतं, लाजेला तेही येत नाही. परतीच्या विमानात तिने ठरवून टाकलं, पुन्हा असं फसायचं नाही.

पुढे दोन हजार तीनमध्ये गिरणी बंद पडली. बरोबरची माणसं सामान बांधून आपापल्या गावी गेली. दिनेशला मालेगावात हात हलवत जायचं नव्हतं. समुद्र घरापासून शंभर पावलांवर होता आणि घरमालक भला होता. तेव्हा वरच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आणि आपण तिघांनी मागच्या बाजूला कोंबून राहायचं, असं ठरलं. लेक रोशनी तेव्हा पाच वर्षांची. तिची खोली गेली, आणि ती देवाच्या कपाटाशेजारी गादी टाकून झोपू लागली.

लोकांना वाटतं, समुद्रकाठी घर म्हणजे काय मजा! ज्योत्स्नाच्या वाट्याला समुद्र आला तो चादरीतून, टॉवेलांतून आणि मोरीत तुंबलेल्या वाळूतून. खाऱ्या हवेने कपाटांना बुरशी धरायची. पाहुणे असले की भिंतीवरचे घरचे फोटो काढून ठेवायचे, लोकांना परक्याच्या घरात राहतोय असं वाटू नये म्हणून. हिंगाची फोडणी बंद, कारण वास जिन्यावरून वर जातो. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आई म्हणायची. ज्योत्स्नाचे पाहुणे दहा-दहा दिवस राहायचे आणि अक्कल तिची जायची. समुद्रात तिने सगळ्या वर्षांत दोनदा पाय बुडवले असतील.

आई, वत्सलाबाई, आता नाशिकलाच जेलरोडला किशोरकडे राहायची. किशोर ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ. दर रविवारी फोन व्हायचा आणि आईचा प्रश्न ठरलेला.

"कधी येतेस गं?"

"सीझन संपला की येते."

"तुझा सीझन संपतो कधी, ते तरी सांग."

दोघी हसायच्या. चार वर्षांत तिचं जाणं झालं नव्हतं. हसून हसून किती वर्षं ढकलायची, हे ज्योत्स्नाला कळत होतं. या खेपेला जानेवारीत जायचंच, तीन तारखेचं तिकीट काढलंच होतं. आईसाठी समुद्रावरची शंखांची माळ घेऊन ठेवली होती.

दोन हजार पाचच्या बावीस डिसेंबरला किशोरचा फोन आला. वरच्या खोल्यांत फ्रान्सचं एक कुटुंब उतरलं होतं, सामान अजून जिन्यातच होतं.

"ताई, आई सिरियस आहे. निघून ये."

ज्योत्स्नाच्या हातातला टॉवेलांचा गठ्ठा खाली पडला. तेच शब्द, तोच क्रम. ती म्हणाली, "बोलू दे मला तिच्याशी."

"बोलता येत नाहीये तिला. अर्धांगाचा झटका आलाय."

बस्स. ज्योत्स्नाला जे कळायचं ते कळलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आई गेली, हे तिने त्याच क्षणी मनात पक्कं केलं आणि जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून रडली.

दिनेश म्हणाला, "अगं, एकदा सरळ विचार ना त्याला."

"काय विचारू? आई मेली का, असं विचारू? असं कोणी तोंडाने बोलतं का? आणि विचारलं तरी तो खरं सांगणार आहे का? दादांच्या वेळी सांगितलं कोणी?"

दिनेशने खाली पडलेले टॉवेल उचलले. त्यालाही ते पटलं, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं. नाताळ ते नववर्ष या दहा दिवसांवर त्यांचं वर्ष निघायचं. आधीचं तिकीट मिळणं कठीणच होतं, पण हातपाय आपटले असते तर मिळालंही असतं. दोघांनी हातपाय आपटले नाहीत. गेलेल्या माणसासाठी धावून काय करायचं? देह काही आपल्यासाठी ठेवणार नाहीत. आपण पोचेपर्यंत तेरावाही उरकलेला असेल.

लेकीला तीन दिवसांचं सूतक. मागच्या कपडे धुवायच्या जागेत, पाहुण्यांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात, ज्योत्स्नाने दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला. तीन दिवस केसांना तेल लावलं नाही, गोडाला हात लावला नाही. सूतकात दुसऱ्याला रांधून घालू नये. तिने सात माणसांचा नाश्ता केला आणि नाताळाच्या आदल्या रात्रीचं जेवणही केलं. मनातल्या मनात आईची माफी मागितली. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून मोकळी झाली.

सव्वीस तारखेला किशोरचा पुन्हा फोन.

"ताई, कधी निघतेस? आई वाट बघतेय गं."

ज्योत्स्नाचं डोकं तडकलं. हे नाटक किती दिवस चालवायचं? पोरगा स्वतः अग्नी देऊन आलाय आणि बहिणीला सांगतोय, आई वाट बघतेय!

"तीन तारखेचं तिकीट आहे. माझ्यासाठी काही अडवून ठेवू नका. तुमचं तुम्ही करा."

 मग किशोर म्हणाला, "बरं, तिच्याशी दोन शब्द बोल. तिला ऐकू येतं. कानाला लावतो मी फोन."

फोनमध्ये खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, जड, अडखळत घेतलेला. रडतोय बिचारा, तिच्या मनात आलं, आणि रडतानाही काकांचंच शिकवलेलं म्हणतोय. तिला त्याची दया आली, पण रागही आवरला नाही. आणि तेवढ्यात वरून कोणीतरी 'मादाम जो!' म्हणून हाक मारली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मला सगळं कळलंय. मी नाही आता फसायची. इथे पाहुणे आहेत, मला त्यांचं बघायचंय. ठेवते."

एकतीसच्या संध्याकाळी पाहुण्यांची मेजवानी होती. भारतीय जेवण हवं, असा त्यांचा हट्ट. ज्योत्स्ना पुरणपोळ्या लाटत होती तेव्हा फोन वाजला. किशोर हमसाहमशी रडत होता.

"ताई, आई गेली गं."

"हो," ती म्हणाली.

आणखी काय म्हणायचं? शेवटी बोलला एकदाचा. मी निघायच्या आधी सांगून टाकलं, तेही बरंच केलं. त्याचं रडणं इतकं ताजं कसं, हा प्रश्न तिला चाटून गेला. पण तव्यावरची पोळी करपत होती. तिने फोन ठेवला आणि पोळी उलटली. पाहुण्यांनी त्या रात्री प्रत्येकी तीन-तीन पोळ्या खाल्ल्या आणि तिच्या हाताचं कौतुक केलं.

चार तारखेला दुपारी टॅक्सी जेलरोडला लागली. या वेळी घाटात तिने कोणापुढे हात जोडले नाहीत. झोप काढली. चौदावा दिवस, तिने बोटांवर मोजलं. पाहुणेरावळे पांगले असतील, फोटोला हार घातलेला असेल, आपण नमस्कार करून किशोरला जवळ घेऊ, असं सगळं तिने ठरवून ठेवलं होतं.

भावजय हर्षालीने दार उघडलं. डोळे सुजलेले. आत पुढच्या खोलीत कोपऱ्यात पीठ पसरून त्यावर दिवा तेवत होता आणि किशोर चटईवर बसला होता. ज्योत्स्ना दाराशीच थबकली. दहाव्यानंतर हा दिवा नसतो.

"दिवा अजून कसा?" तिने विचारलं. "आज चौदावा ना?"

हर्षालीने तिच्याकडे पाहिलं. प्रवासाने भ्रमिष्ट झाली असावी, असं बहुतेक वाटलं तिला.

"पाचवा आहे ताई आज."

ज्योत्स्नाने पुन्हा बोटं मोजली. पाचवा. म्हणजे एकतीस. म्हणजे पुरणपोळ्यांची संध्याकाळ. म्हणजे बावीसला ती होती. दिवा लावला तेव्हा होती. केसांवरून पाणी घेतलं तेव्हा होती.

हर्षाली बोलत होती. आईंना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. किशोरने कॉट दाराकडे तोंड करून लावली. डावा हात हलायचा, तेवढाच. खाली रिक्षा थांबली की त्यांचे डोळे दारावर जायचे. चार दिवस जायचे. सव्वीसनंतर रिक्षा थांबली तरी त्या भिंतीकडेच बघायच्या. दूधही घेईनात. "तुमचं मन दुखवायला सांगत नाही ताई," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

ज्योत्स्ना भिंत धरून चटईच्या कडेला बसली. पर्समध्ये शंखांची माळ होती. 

 किशोरने मान वर केली. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ताई, तू त्या दिवशी म्हणालीस, मला सगळं कळलंय. काय कळलं होतं तुला?"

"मला वाटलं, ती गेलीच आहे. दादांच्या वेळेसारखं. मला वाटलं, तू काकांसारखा फोन हवेत धरून..."

 किशोर दिव्याकडे बघत राहिला.

"फोन तिच्या कानालाच होता," तो म्हणाला. "श्वास ऐकू आला नाही तुला?"

"आला होता," ज्योत्स्ना म्हणाली. "मला वाटलं, तुझा आहे."