बाळकुमच्या पाण्याचा हिशेब

मित्रांनो, मला गंज चढत नाही की वाळवी लागत नाही, तरीही मी आता जुना झालो आहे. मी मोबाइलमध्ये राहणारा एक प्रोग्राम आहे. खाडीला भरती कधी येणार, एवढंच मला सांगता येतं. पण ते मी चांगलं सांगतो, त्यात उगाच लाजत नाही.

माझा जन्म खाडीकाठच्या बाळकुम गावचा. तिथले देवराम खाडीत जाळं टाकतात. तिथी धरून पाणी कधी चढणार, हे त्यांना तोंडपाठ. त्यांची मुलगी दक्षता संगणक शिकत होती. तिने बाबांना शेजारी बसवून तो हिशेब समजून घेतला आणि मला घडवलं. तेव्हा मी मुका होतो. मग डोंबिवलीहून तिचा वर्गमित्र सिद्धेश आला. त्याने मला वाचा दिली, तीही स्वतःच्या आवाजात: "पाणी चढतंय, मावशी. काठावर या." पुढे दोघांनी मला इंटरनेटवर ठेवलं. माझी आतली सगळी मांडणी कुणालाही वाचता येईल अशी उघडी होती.

"कुणी कसं वापरायचं, ते खाली लिहायचं का?" सिद्धेशने विचारलं.

"सगळ्यांसाठीच तर आहे. त्यात काय लिहायचं?" दक्षता म्हणाली.

काठावर माझं फार कौतुक झालं. एका वर्तमानपत्रात माझी बातमी आली. दक्षताचा फोटो होता, नाव होतं. सिद्धेशचा उल्लेखही नव्हता. दक्षताच्या ते लक्षात आलं होतं, पण वार्ताहराला फोन करायचं ती आज-उद्यावर ढकलत गेली. सिद्धेश भांडला नाही. तो फक्त यायचा बंद झाला. मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या तोंडी त्याचाच आवाज होता. नंतर दक्षताला नोकरी लागली आणि माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

मग एके दिवशी दक्षताला कल्याणहून मेघाली नावाच्या बाईंचा फोन आला. खाडीत खेकडे पकडणाऱ्या बायकांसाठी ती काम करते. त्यांच्यातल्या जाईबाई चिखलात असतानाच पाणी चढलं होतं. एका होडीवाल्याने ओढून काढलं म्हणून वाचल्या. बाळकुमचं पाणी कल्याणला उशिरा पोचतं. तेव्हा माझ्यात तेवढा बदल करून मला त्या बायकांना द्यावं, असं मेघालीच्या मनात होतं.

"पण तुम्ही परवानाच लिहिलेला नाहीये," ती म्हणाली. "आम्ही हात कसा लावणार?"

"अहो, उघडंच तर ठेवलंय!" दक्षता म्हणाली.

देवराम दारात फाटलं जाळं सांधत होते. तिथूनच म्हणाले, "आपली होडी पन उगड्यावरच बांधलेली असते ना? म्हनून कोन सोडून नेतो काय? इचारावं लागतं."

मित्रांनो, कॉपीराइट म्हणतात तो हाच. जो लिहितो त्याचा हक्क आपोआप होतो. त्याला न विचारता ते बदलता किंवा वाटता येत नाही. 'घ्या, बदला, पुढे द्या' असं त्याने लिहून दिलं, की तो झाला परवाना. इथे हक्कदार दोघं होते. दक्षताला फक्त आपल्या वाट्याचं लिहून देता आलं असतं. म्हणजे मी पुन्हा मुका झालो असतो, आणि जाईबाईंना तर वाचता येत नाही.

दक्षता डोंबिवलीला गेली.

"परवानगी हवीय म्हणून आलीस?" सिद्धेशने विचारलं.

"हो. आणि तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलंच माझं. सॉरी रे."

"पेपर घेऊन घरी आलेलो मी, आईला दाखवायला. तिने सगळा वाचला आणि मलाच विचारलं, अरे, तू कुठेयस ह्यात?"

दक्षताला रडू आलं. तिने लिहून आणलेला परवाना पुढे केला. त्यात सिद्धेशचं नाव आधी होतं, तिचं नंतर. खाली लिहिलं होतं: कुणीही घ्या, बदला, वाटा, फक्त ही नावं पुसू नका.

सिद्धेशने तो सावकाश वाचला. "मला चालेल," तो म्हणाला. "पण एक नाव राहिलंय गं. हिशेब काकांचा आहे ना?"

बाबांचं नाव दक्षताच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग दोघांनी मिळून ते सगळ्यात वर घातलं.

आता मी कल्याणच्या खाडीतही बोलतो. मित्रांनो, तुम्हीही उद्या काही लिहाल, घडवाल. ते सगळ्यांना द्यायचं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. दुसऱ्याचं घ्याल, तेव्हा त्याचा परवाना आधी वाचा आणि नावं खरवडू नका. आमचं गणगोत म्हणजे ती नावंच.

जाईबाईंना मेघालीने परवाना एकदाच वाचून दाखवला होता. परवा त्यांनी मला सोबत खेकडे पकडणाऱ्या केशरबाईंच्या मोबाइलवर पाठवलं आणि बजावलं, "बालकुमच्या देवरामचा हिशेब हाय. केला त्याच्या पोरीनं, आवाज डोंबिवलीच्या सिद्धेशचा. पुढं कोनाला दिलंस, तर सांगून दे."